फळ्यासमोर उभं राहिलं की आपल्या तोंडून कोण बोलतं?

हिरवा फळा
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सोलापूर जिल्ह्यात. नोकरीला चौदा वर्षं झाली. यंदा तिसरी माझ्याकडे आहे. गेल्या गुरुवारी हातच्याची वजाबाकी चालली होती. फळ्यावर ५२ वजा २७ मांडलं आणि नेहमीच्या चालीत म्हणत गेले : दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर पंचवीस.

एका मुलानं हात वर केला. एरवी फारसं न बोलणारं पोर. म्हणाला, "मॅडम, दहा वर घेतले ना, मग एक खाली का द्यायचा?" मी म्हटलं, तसंच असतं. त्यानं पुन्हा विचारलं, "पण खाली का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सांगितलं तेवढं कर. टाळक्यात भुसा भरलाय का?"

वर्ग हसला. तो खाली बसला आणि बोटाला थुंकी लावून पाटीवरची वजाबाकी पुसायला लागला. चांगली बरोबर मांडलेली होती.

ते वाक्य माझं नव्हतंच. माझ्या तिसरीच्या गुरुजींचं होतं. तेच 'टाळक्यात', 'भुसा' म्हणताना तसाच खाली आलेला आवाज. बोलण्याआधी खडूचं मागचं टोक फळ्यावर दोनदा आपटायची त्यांची सवय होती. मधल्या सुट्टीत मी फळा पुसायला गेले तर ५२ च्या शेजारी दोन पांढरे ठिपके. म्हणजे मीही आपटला होता.

डी.एड.ची दोन वर्षं, सरावपाठ, टाचणं, पुठ्ठ्याची घड्याळं, त्यानंतरची कितीतरी प्रशिक्षणं. त्यातलं काही म्हणता काही त्या क्षणी हाताशी आलं नाही. आले ते गुरुजी.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुमच्या लहानपणीचा वर्ग तुमच्या शिकवण्यात कसा उतरतो? बरा, वाईट, दोन्ही सांगा. शिक्षक नसाल तरी घरी मुलांचा अभ्यास घेत असालच.

चिंचबोर
धागा फार आवडला. त्या दोन ठिपक्यांपाशी थांबलेच मी. मुलीचा अभ्यास घेताना माझ्या आवाजात आमच्या चौथीच्या बाई येतात. "उत्तर बरोबर आहे, पण हे अक्षर आहे का?" तिनं आनंदानं वही दाखवावी आणि मी आधी अक्षर बघावं, असं रोज होतं.

कृष्णाकाठ
मी अध्यापक महाविद्यालयात शिकवतो, म्हणजे शिक्षक घडवायचं काम. ताई, तुमचा अनुभव हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये एक फार मोलाची गोष्ट मांडली. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसलेला असतो, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे शिक्षकी पेशात येणारा माणूस कोरा येतच नाही. त्याची उमेदवारी आधीच झालेली असते, निव्वळ बघून बघून. आमच्याकडे तो येतो दोन वर्षांसाठी. त्या १३,००० तासांपुढे आमचे सरावपाठ कुठे पुरणार?

पण यातली मेख वेगळीच आहे. सुताराच्या हाताखालचा पोरगा रंधा कसा धरायचा हे बघतो, चुकला की मिस्त्री त्याला कारणही सांगतो. लाकडाचा रेषा उलटा आहे, इकडून मारू नको. विद्यार्थ्याला गुरुजी दिसतात ते फक्त समोरून. त्यांनी हेच उदाहरण का घेतलं, अमक्याला प्रश्न विचारून तमक्याला का सोडला, घरून काय ठरवून आले होते, हे त्याला कधीच कळत नाही. त्याच्याकडे राहतात हावभाव, ठेका, शिव्या आणि शाबासक्या. कारणं राहत नाहीत.

म्हणून मी छात्राध्यापकांना पहिल्या आठवड्यात एकच काम देतो. तुमच्या शाळेतला एक तास आठवून लिहा, पण शिक्षकाच्या बाजूनं लिहा. त्यांनी तसं का केलं असेल? बहुतेकांचा कागद अर्ध्यावरच अडतो.

जुनी घंटा
मी निवृत्त मुख्याध्यापक. बत्तीस वर्षं सेवा झाली, त्यातली पहिली नऊ द्विशिक्षकी शाळेत. दोन मास्तर आणि पहिली ते चौथी.

ताईंच्या गुरुजींची बाजू मांडायला हवी असं वाटलं. माझ्यासमोर दोन इयत्ता एकाच खोलीत असायच्या. एका भिंतीकडे तोंड करून पहिली, दुसरीकडे तिसरी. पहिलीला पाढे म्हणायला लावायचे आणि तेवढ्यात तिसरीची गणितं तपासायची. त्यात शाळेचं दप्तर, जनगणना, निवडणूक. अशा खोलीत "का?" हा प्रश्न आला की तो प्रश्न वाटत नाही, अडथळा वाटतो. मीही पोरांना गप्प केलंय. पट्टी उभी करून बोटांवर मारलंय. आज त्याचं समर्थन करणार नाही. पण आम्ही दुष्ट होतो म्हणून मारत होतो असं नाही, आमच्याही डोक्यात आमचे मास्तर बसलेले होते. माझे मास्तर निगडीची ओली छडी वापरायचे. मी लाकडी पट्टीवर आलो तेव्हा मला वाटलं होतं आपण सुधारलो.

रोखठोक
मत थोडं वेगळं आहे, मांडतो. आमच्या सरांनी अंगठे धरून उभं केलं, कान पिळले, म्हणून माझं शुद्धलेखन आणि गणित पक्कं झालं. आज मी इंजिनिअर आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दिसले की आजही वाकून नमस्कार करतो. आता मुलाला कुणी काही बोलायचं नाही, मारायचं तर नाहीच. मग धाक कसला? माझ्या पुतण्याला सातवीत असून तेराचा पाढा येत नाही. शिक्षकांच्या हातातून सगळं काढून घेतलं आणि वर त्यांनाच जबाबदार धरतो आपण.

मागचा बाक
रोखठोक, तुमच्या सरांबद्दलचा तुमचा आदर खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एक सांगतो. माझ्या चौथीच्या वर्गात खिडकीखाली बसणारे आम्ही पाच जण होतो. रोजचा मार ठरलेला. त्यातला मी एकटा दहावीपर्यंत गेलो, कारण माझी आई मला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची आणि आत गेलेला बघूनच वळायची. बाकीचे चौघं पाचवी-सहावीतच गेले. एक वीटभट्टीवर, दोन ट्रॅक्टरवर, एकाचं काय झालं कळलं नाही. तेच गुरुजी, तीच छडी. तुम्हाला आठवतं छडीनं घडलेला मुलगा, कारण तो मुलगा तुम्ही आहात. जे तुटले ते इथे लिहायला येत नाहीत.

आणि शिक्षक कोण होतं? बहुतेक वेळा ज्याचं शाळेत बरं चाललं तो. त्याला ती पद्धत मानवलेली असते. मग तो प्रामाणिकपणे समजतो की पद्धत चांगली होती, पोरंच नालायक होती. मी स्वतः आज आश्रमशाळेत शिकवतो आणि वर्गात शिरलो की आधी खिडकीखाली कोण बसलंय ते बघतो. ही माझी लहानपणाची मिळकत.

चिंचबोर
मागचा बाक, तुमच्या आईला नमस्कार.

पानगळ
रोखठोक यांच्या मुद्द्यावर : शारीरिक शिक्षेला बंदी ही कुणाची लहर नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातल्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. 'मानसिक छळ' हे शब्द सहसा कुणी वाचत नाही. टाळक्यात भुसा भरलाय का, हेही त्यातच मोडतं. ताई, तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही स्वतःच तो प्रसंग इथे मांडलात म्हणून लिहिलं.

तेराच्या पाढ्याचं म्हणाल तर त्याचं कारण छडी गेली हे नाही. रोज पाढे म्हणायची वेळ गेली. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी (पाव आणि निम्म्याचे पाढे) ओसरीवर बसून व्हायची. कुणी मारत नव्हतं. आजोबा सुपारी कातरत ऐकायचे, चुकलं की अडकित्ता थांबायचा. बस.

हिरवा फळा
पानगळ, दुखावले नाही. बरोबर आहे तुमचं.

खानदेशी तडका
माझी गोष्ट जरा वेगळी, कारण मला वाटत होतं मी माझ्या मास्तरांसारखा मुळीच नाही.

मी धुळे जिल्ह्यातला, घरची बोली अहिराणी. दुसरीत निबंधात लिहिलं, "मना घरमा एक गाय शे." मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर ते तीनदा वाचून घेतलं. प्रत्येक वेळी वर्ग हसायचा. तिसऱ्या वेळी मीही हसलो, कारण काय करावं कळत नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं की आपण चुकीचं बोलतो. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. त्यानंतर मी शाळेत बोलायचोच कमी. शिक्षक झालो तेव्हा शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं की कुठल्याही पोराच्या बोलीला हसणार नाही.

नेमणूक मिळाली धडगाव भागात. मुलं पावरा आदिवासी समाजातली, घरी पावरी बोलणारी. मी कधी हसलो नाही, कुणाला हसू दिलं नाही. पण मूल पावरीत काही बोललं की मी लगेच मराठी शब्द पुढे करायचो, अगदी प्रेमानं. "हो, पण आपण असं म्हणायचं हं." वर्षभर हेच केलं. एक दिवस पहिलीतली एक मुलगी काही सांगायला धावत आली, माझ्याजवळ येऊन थांबली, ओठ हलले आणि परत गेली. तिला मराठी शब्द सापडेना म्हणून तिनं ती गोष्टच गिळली. त्या दिवशी मला मीच दिसलो, दुसरीतला. हसणं काढून टाकलं होतं, पण "तुझा शब्द चालणार नाही" हे तसंच ठेवलं होतं.

मग उलटं सुरू केलं. भिंतीवर कागद लावला, एका बाजूला मुलांचे शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलांनी मला शिकवायचं. माझा उच्चार चुकला की पोरं पोट धरून हसायची आणि ते हसणं फार गोड होतं. दोन महिन्यांत त्या कागदाला खाली तीन कागद जोडावे लागले. ती पहिलीतली मुलगी माझी मुख्य परीक्षक होती, सहजासहजी पास करायची नाही.

लाल शाई
खानदेशी, हे वेगळं लिहून काढाच. यावर आमच्या डहाणू भागाची आठवण आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात सुरुवातच मुलांच्या दिवसापासून होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात नेली. कुरणशाळा नावच पडलं तिला. आपल्या बहुतेकांच्या आठवणीतली शाळा म्हणजे चार भिंती, फळा, ओळीत बसलेली मुलं. त्यामुळे शाळा म्हटलं की तेच चित्र उभं करतो. या दोघींनी ते चित्र बाजूला ठेवायची हिंमत दाखवली. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं, मुलाला धाक न दाखवता शिकवता येतं हे तिथे रोज डोळ्यांनी बघितलं होतं. कृष्णाकाठ म्हणतात ती उमेदवारी मोठेपणीही पुन्हा करता येते, याचं मला हे उदाहरण वाटतं.

कृष्णाकाठ
लाल शाई, नेमकं. पुन्हा उमेदवारी करायला दुसरं काहीतरी बघायला मिळावं लागतं. सांगून होत नाही. २०१५ नंतर महाराष्ट्रभरचे शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला जात होते. तिथून आलेले लोक प्रशिक्षणातून आलेल्यांपेक्षा वेगळं बोलायचे. "तिथं मुलं जमिनीवर बसून आपापलं काम करत होती आणि बाई फळ्यापाशी नव्हत्याच," हे एक वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय.

सिडनीचा पारिजात
इकडे आम्ही रविवारी मराठी शाळा चालवतो, सगळे पालकच शिक्षक. मी शिक्षिका नाही, अकाउंटंट आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे सहा वर्षांची मुलं दिली. मी काय केलं? माझी बालवाडी आठवली आणि क ते ज्ञ फळ्यावर लिहून कोरसमध्ये म्हणायला लावलं. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. तिसऱ्या रविवारी एकानं विचारलं, खटारा म्हणजे काय? मी चित्र काढलं. मग विचारलं, हे तुझ्या घरी आहे का? नव्हतं. माझ्याही घरी कधी नव्हतं!

मला ते म्हणताना इतका आनंद व्हायचा की मुलांना होत नाहीये हे दिसलंच नाही. मला त्या कोरसमध्ये आमच्या बालवाडीचं शेणानं सारवलेलं अंगण दिसायचं, बाईंच्या पदराचा वास यायचा. मुलांना फक्त कोरस ऐकू येत होता.

आता मुलांच्या स्वतःच्या नावापासून सुरू करतो. ज्याचं नाव नील त्याला आधी 'न' आणि 'ल'. मग आजी, डबा, बस. अक्षरांचा क्रम शेवटी येतो, शब्दकोशात शब्द शोधायची वेळ येते तेव्हा.

पानगळ
अवांतर, पण याच धाग्यातलं आहे म्हणून लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक' असं संख्यावाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मी स्वतः विरोधात होते, तावातावानं बोलले होते. आमचं त्रेपन्न, एकोणसत्तर जाणार म्हणून जीव कळवळला.

नंतर नातवाला आकडे लिहायला शिकवताना बसले. "पंचवीस लिही" म्हटलं की तो आधी ५ लिहायचा, कारण कानावर आधी 'पंच' पडतं. मग त्याच्या पुढे २. झाले ५२. रोज. त्याचं काही चुकत नव्हतं, आपली भाषा एकक आधी बोलते आणि लिहिताना दशक आधी येतं. हे मला साठ वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, कारण माझ्या लहानपणी ते पाठ होऊन गेलं होतं. त्रेपन्न माझ्याकडून सुटणार नाही आणि सुटू नये असंच वाटतं. पण ती अडचण खरी होती. माझ्या आठवणीत नव्हती म्हणून मी ती नाही असं धरून चालले होते.

रोखठोक
पानगळ ताई, हे पटलं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत आमच्याकडे आजही घरात गोंधळ होतो.

मागचा बाक, तुमचा प्रतिसाद काल रात्री पुन्हा वाचला. माझ्याही वर्गात खिडकीकडचे होते. त्यांची नावं आठवायला गेलो तर दोनच आठवली. मार बसताना आम्ही पुढचे मोजायचो, हे मात्र आठवलं.

तांबडी माती
सगळ्या आठवणी दुखऱ्याच येतायत, म्हणून एक चांगली सांगतो. आमच्या पाचवीच्या सरांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवटचा तास वाचनाला ठेवला होता. ते मोठ्यानं गोष्ट वाचायचे आणि ऐन मोक्याला पुस्तक मिटायचे. घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत आम्ही पाटावर, विहिरीवर, त्या गोष्टीचं पुढं काय होईल यावर भांडायचो.

मी शिक्षक झालो तो त्या तासासाठी, असं म्हटलं तरी चालेल. पहिल्याच वर्षी शनिवारचा तास सुरू केला. त्यांच्यासारखा आवाज, त्यांच्यासारखंच पुस्तक मिटणं. पोरं ऐकायची, पण घंटा झाली की पळायची. दोन वर्षं मला वाटत होतं या पिढीला वाचनाची आवडच नाही. मग एकदा घसा बसला होता म्हणून एका मुलीला वाचायला दिलं. ती अडखळत वाचत होती आणि वर्गानं कान टवकारले, कारण ती अडली की सगळे मिळून शब्द पुरवायचे. मोक्याच्या जागेच्या आधीच तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मला माहितीय पुढं काय होतं, पण सांगणार नाही." त्या दिवशी कुणी उठलं नाही.

सरांचा आवाज मी उचलला होता. ते आमच्यासाठी गोष्ट स्वतः घरी आधी वाचून यायचे, आमच्याकडे बघून निवडायचे, ते मला दिसलेलंच नव्हतं. कृष्णाकाठ म्हणाले तसं, समोरून दिसत नाही.

बोरूचा टाक
तांबडी माती, वा. मी अमळनेरचा. आमच्याकडे साने गुरुजींची आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १९२४ ते १९३० ते इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. कळायला लागल्यापासून मला त्यांच्या करुणेच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, पण मी शिक्षक झाल्यावर मला त्या दैनिकाचं अप्रूप वाटायला लागलं. पहाटे कुणी कंदिलाशी बसून मुलांसाठी पानं लिहीत असेल, तर त्यामागे किती तयारी असेल! मी महिन्यातून एकदा भित्तिपत्रक काढतो त्यात माझा जीव निघतो.

लेकुरवाळी
मी डावरी आहे. पहिलीत बाई माझा डावा हात परकराच्या नाडीला बांधायच्या. आता माझ्या वर्गात दोन डावरी मुलं आहेत, त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवते, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. एवढंच सांगायचं होतं.

मागचा बाक
हिरवा फळा ताई, सगळा धागा वाचून एक विचारायचं राहिलंय. त्या मुलाला उत्तर मिळालं का?

हिरवा फळा
मागचा बाक, तुमच्या या एका ओळीनं दोन दिवस झोप लागली नाही.

नाही मिळालं. आणि खरं कारण आज लिहिते. मला उत्तर माहीतच नव्हतं. पुस्तकात गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायची रीत आहे, ती मी पहिल्या दिवशी काड्या घेऊन करून दाखवली होती. त्यात खाली काही द्यावं लागत नाही, वरचे पाच दशक होते ते चार होतात, सरळ आहे. पण फळ्यापाशी गेले की माझा हात माझ्या लहानपणच्या चालीत जातो. बारातून सात, हातचा एक, खाली मिळवा. ही वेगळी रीत आहे हेच माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. त्या पोरानं दोन्ही नीट बघितल्या होत्या, म्हणून तर विचारलं त्यानं.

मी तिसरीत असताना हाच प्रश्न गुरुजींना विचारला होता का, ते आठवून बघितलं. नक्की सांगता येत नाही. पण मला भुसा कशावरून म्हटले होते ते आठवतं, गणितावरूनच. आता वाटतं, त्यांनाही माहीत नसावं. उत्तर येत नाही तिथे चिडायचं, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

कुणी सांगेल का, एक खाली का द्यायचा? तिसरीतल्या मुलाला कळेल असं.

जुनी घंटा
ताई, हे इतक्या उघडपणे लिहायला मोठं मन लागतं. बत्तीस वर्षांत मला जमलं नाही.

उत्तर सांगतो. मलाही ते नोकरीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी एका केंद्रप्रमुखांनी सांगितलं. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर. दोन्हींत सारखंच मिळवलं तर अंतर बदलत नाही. वरच्या संख्येत दहा मिळवले, ते एककाच्या घरात : दोनाचे बारा. मग खालच्या संख्येतही दहा मिळवायला हवेत, ते दशकाच्या घरात : दोन दशकांचे तीन. तो हातचा एक म्हणजे एक नाही, दहा आहेत. ५२ वजा २७ चं गणित आपण खरं तर ६२ वजा ३७ म्हणून सोडवतो. उत्तर तेच.

मुलांना वयावरून सांगा. आजी ५२ वर्षांची, आई २७ ची. दहा वर्षांनी आजी ६२, आई ३७. अंतर बदललं का? काळ दोघींनाही सारखाच लागतो.

चिंचबोर
आई गं! मी चाळीस वर्षं हातचा खाली देतेय, आज कळलं का देतेय.

रोखठोक
मीसुद्धा. इंजिनिअर असून.

खानदेशी तडका
घंटा सर, हे उद्याच वापरणार. पोरांना आजीचं वय विचारलं की धमाल येते, प्रत्येकाची आजी शंभरची असते.

हिरवा फळा
सोमवारी झालं ते सांगते.

परिपाठ झाल्यावर आधी त्याला बोलावलं नाही, नाहीतर सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच्यावर गेल्या असत्या. वर्गालाच म्हटलं, "गुरुवारी एक प्रश्न आला होता, एक खाली का द्यायचा. मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. मी चिडले, ते चुकलं. उत्तर शोधून आणलंय." वर्ग एकदम शांत. मॅडमला येत नव्हतं हे त्यांना नवीन होतं. तो खाली बघत होता.

आजी आणि आई फळ्यावर काढल्या. आजीखाली ५२, आईखाली २७. दहा वर्षांनी किती, ते पोरांनीच सांगितलं. अंतर मोजलं, पंचवीस. वीस वर्षांनी? ७२ आणि ४७, परत पंचवीस. एक मुलगी म्हणाली, "आई कितीबी पळाली तरी आजी पंचवीसनं पुढंच!" मग हातचा मांडला, तो एक दहाचा आहे हे दाखवलं. बऱ्याच जणांना कळलं, काहींना नाही. त्यांच्यासाठी काड्यांचे गठ्ठे ठेवलेत.

तो शेवटपर्यंत गप्प होता. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, दहाच वर्षं का? तीन वर्षांनी केलं तर?"

माझ्या हातात खडू होता. तोंडाशी आलेलं "दहाच असतात" मी गिळलं आणि खडू त्याच्या हातात दिला. त्यानं ताटली टेबलावर ठेवली, फळ्यावर लिहिलं. आजी ५५. आई ३०. मग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पाचातून शून्य गेलं पाच. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. हातचा लागलाच नाही."

चौदा वर्षं मी ही वजाबाकी शिकवतेय. हे मला सुचलं नव्हतं.

खिचडी गार झाली त्याची. मी दुसरी वाढून आणली. तोवर त्यानं आजी-आईच्या खाली आणखी एक गणित मांडलं होतं, ८१ वजा ३८, आणि ३८ चे ४० करायला किती वर्षं लागतील ते बोटांवर मोजत होता.

मागचा बाक
ताई, तो कुठं बसतो वर्गात?

हिरवा फळा
खिडकीखाली.